नत्थूजीचा राजीनामा

बोरगावच्या नत्थूजीला साप चालायचा, विंचू चालायचा; खुर्ची चालायची नाही. लग्नाकार्यात कुणी बळेच बसवलं तर दोन मिनिटांत काहीतरी निमित्त काढून तो खाली सतरंजीवर येऊन बसे. अशा माणसाच्या गळ्यात गावाने अध्यक्षपद बांधलं. का बांधलं ते आधी सांगतो, आणि त्याने ते कसं उतरवलं ते मग; कारण बांधताना फारसं बिघडलं नव्हतं, उतरवताना बिघडलं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली ते एक्कावन्न साल. नाल्यापलीकडे मालगुजाराची काही एकर बरड वर्षानुवर्षं पडीक होती. दगड, तरोटा आणि सरडे, एवढंच तिथे पिकायचं. ती आता सरकारची झाली, म्हणजे कुणाचीच नाही, असं गावाने धरलं. गावात भैय्याजी नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. बेचाळीसला जेलमध्ये जाऊन आलेले, पण त्या जेलचं भांडवल त्यांनी कधी केलं नाही. पहिल्या निवडणुकीच्या वेळी तिकीट घ्या म्हणून माणसं घरी आली, तर भैय्याजींनी त्यांना ताक पाजून वाटेला लावलं.

"मत टाकनं म्हंजे आपलं तोंड दुसऱ्याले उसनं देनं," ते म्हणायचे. "मंग पाच वर्सं मुक्यावानी बसा. इंग्रज गेला, मालगुजार गेला, आता त्यायच्या जागेवर कोनाले बसवाचं याचाच इचार जो तो करून राहिला. अरे, ती जागाच मोडा ना!"

जागा कशी मोडायची हे त्यांनी कुठल्या पुस्तकातून आणलं नाही. सावड गावाला माहीत होतीच. एक बैल तुझा, एक माझा, मिळून जोडी. आज तुझं वावर, उद्या माझं. त्यात मालक कुणी नाही आणि मजूरही कुणी नाही. भैय्याजींचं म्हणणं एवढंच, की पेरणीपुरती करता ती सावड बारमाही करा. एकतीस घरांनी हो म्हटलं. त्यांनी बरडीवरचे दगड वेचले, विहीर खोदली, संत्र्याची सहाशे कलमं लावली. पाटील नाही, कमिटी नाही, सेक्रेटरी नाही. अमावास्येला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून त्या दुपारी सगळे विहिरीपाशी बसत. प्रत्येक घराची पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, एक वीतभर काडी असे. मधोमध काडी ठेवली म्हणजे मान्य. ज्याला मान्य नाही त्याने आपली काडी उचलायची, आणि तो ती आपणहून परत ठेवीपर्यंत काम बंद. हात वर करून डोकी मोजायची भानगडच नव्हती.

हे ऐकायला गोड आहे, करायला मात्र नाकी नऊ येत. विहीर कुठे खणायची यावरून गुणवंता नावाच्या एकट्या माणसाने आठ दिवस काडी उचलून धरली होती. तीस घरं एकीकडे आणि हा एकीकडे. लोकांच्या शिव्या खाल्ल्या, बायकोने भाकरी आदळली तीही खाल्ली, पण काडी काही खाली ठेवली नाही. "तुमी सांगता तिथं खाली काळा फत्तर हाय, माह्या बापानं सांगतलं व्हतं," एवढंच म्हणे. शेवटी लोक त्याच्या जागेवर खणायला लागले आणि अठ्ठावीस फुटांवर पाणी लागलं. तेव्हापासून गुणवंता गावातून मान ताठ ठेवून चालायचा, आणि त्याची ती ताठ मान बघायला नत्थूजीला फार आवडायचं. सावड म्हणजे काय हो, असं कुणा पाहुण्याने विचारलं तर तो गुणवंताकडे बोट दाखवी आणि म्हणे, "हे पाहा. याच्या मानेले कोनी हात लावू शकत नाई."

मग छप्पनच्या नोव्हेंबरात राज्यं बदलली. नागपूर मराठीकडच्या राज्यात गेलं, आमच्या तहसिलीचं सौंसर हिंदीकडच्या राज्यात राहिलं. बस तीच, कंडक्टर तोच, पण नागपूर परमुलूख झालं. कचेरीतले मराठी कारकून बदली मागून तिकडे गेले, त्यांच्या जागी नर्मदेकडचे आले, आणि सगळे कागद हिंदीतून निघू लागले. शाळांच्या कचेरीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी लागली, तेव्हा पोरांचं म्हणणं पडलं की चला, सरकारने एकदाचं खरं काय ते लिहिलं. लोक पोट धरून हसले. शब्द दिसतो आपला आणि निघतो परका, हे तेव्हा हसण्यावारी गेलं.

त्याच थंडीत यशवंतराव जागे झाले. मालगुजाराचे हे धाकटे चिरंजीव. बरडीवर दगड होते तोवर त्यांना तिची आठवण नव्हती. संत्र्याला पहिला बहार आला आणि फुलांचा वास रस्त्यापर्यंत पोचला, तेव्हा बरी आठवण झाली. त्यांनी तहसिलीत दावा लावला, की ही जमीन सरकारजमा झालीच नाही, ती आमच्या घरच्या वहितीतली आहे.

आता उत्तर द्यायचं कुणी? सावडीचं उत्तर सावड देईल, म्हणून एकतीस माणसं कचेरीत जाऊन उभी राहिली, तर चपराशाने त्यांना चिंचेखाली काढलं. इतक्या जणांचं सरकार ऐकत नसतं म्हणे. मंडळीचं नाव लिहा, अध्यक्षाचं नाव लिहा, तो बोलेल. त्यावरून गावात तीन दिवस बैठक चालली. भैय्याजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी चाचपडत आपली काडी दोनदा उचलली आणि दोनदा स्वतःच खाली ठेवली. बाग जाईल ही भीती होती. शेवटी नत्थूजीची बायको जयवंता बोलली.

"आमच्या घरच्याइलेच बसवा. खुर्ची पाह्यली का त्यायले मयमयते, ओकारी येते. ते काही तिथं टिकाचे नाई."

सगळे हसले आणि हसता हसता काड्या पडल्या. नत्थूजीने अट घातली, "जमलं तसा मी राजीनामा देईन. मले कोनी आडवाचं नाई." "दे बाप्पा, दे," असं लोक म्हणाले. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात शेण भरत असताना गुणवंता कुंपणावरून ओरडला, "काय अध्यक्षसायेब, सरकारी कामात हाय का?" नत्थूजीने त्याच्याकडे शेणाचा गोळा भिरकावला. गावाला महिनाभर पुरेल एवढी करमणूक झाली.

पण दाव्याच्या तिसऱ्या तारखेला एक गोष्ट घडली. चपराशाने नत्थूजीपुढे खुर्ची सरकवली आणि तो बसला. गुणवंता आणि आणखी दोघं दाराशी उभे होते. नवा कारकून भला माणूस होता, पण तो बोलला फक्त नत्थूजीशी. बसस्टँडवर येताना गुणवंताने विचारलं, "काय म्हने जी तो?" नत्थूजीने अर्धंमुर्धं सांगितलं, बाकीचं सांगायचा त्याला कंटाळा आला. घरी येऊन पाय धुताना त्याच्या ध्यानात आलं, की आज खुर्ची टोचली नाही. उलट बरी वाटली. तो घाबरला. अगदी खरंखुरं घाबरला.

"मले भेव लागून राहिलं," तो जयवंताला म्हणाला.

"कायचं? यशवंतरावाचं?"

"नाई. माहंच."

जयवंताने तवा उतरवला. "मंग अमावास्येले सगळ्याइच्या मधात बसून सांगा. त्याइले दुसरं कोनी पाहू द्या."

"सोडाची गोष्ट मानूस एकटाच सोडते. त्याले काडी काऊन पाह्यजे?"

तिने चुलीतली लाकडं मागे ओढली. नत्थूजीला वाटलं, आपलं म्हणणं तिला पटलं.

वैशाखातली तारीख आली तेव्हा संत्री लिंबाएवढी झाली होती. ऊन असं, की एक दिवस मोट चुकली तर फळ गळायचं. सगळे विहिरीवर अडकले होते म्हणून नत्थूजी एकटाच सौंसरला गेला. कारकुनाने कागद चाळले आणि चष्मा काढून म्हणाला, "देखिए नत्थूजी, मेरी मानिए तो राजीनामा कर लीजिए। सबकी झंझट मिटेगी।"

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं नत्थूजीला झालं. राजीनामा! सरकारच म्हणतंय!

"माह्या एकट्याचा चालते का जी?"

"आप अध्यक्ष हैं। आप ही का चलेगा।"

व्हरांड्यात अर्जनवीस बसला होता. सौंसरचाच, मराठी माणूस. यशवंतरावांचा वकील त्याच्याजवळ बसून काहीतरी सांगत होता. अर्जनवीसाने कागद लिहिला आणि भराभरा वाचून दाखवला. उभय पक्ष, आराजी, बिला उज्र, असले शब्द तांदळातल्या खड्यांसारखे लागत होते. नत्थूजी ते सोडून पुढे जात होता. शेवटचं वाक्य मात्र त्याला लख्ख समजलं. 'मैं, अध्यक्ष, सावड मंडली, बोरगांव, अपना समस्त हक खुशी से छोड़ता हूँ।' आपला हक सोडतो. खुशीने सोडतो. यापेक्षा चांगलं त्याला मराठीतही लिहिता आलं नसतं.

"समजलं ना जी सगळं?" अर्जनवीसाने मान वर न करता विचारलं.

"पुरं समजलं."

"मंग करा सही."

त्या अर्जनवीसाला राजीनामा या शब्दाचे दोन्ही अर्थ माहीत होते की नव्हते, हे पुढे नत्थूजीने मनाला हजारदा विचारलं. मला विचाराल तर माहीत होते. पण जो माणूस दिवसभर दुसऱ्याचं बोलणं आपल्या हाताने लिहितो, त्याच्या मनात काय असतं कोण सांगणार?

तहसीलदारासमोर यशवंतरावही हजर होते. त्यांनी चक्क हात जोडले. नत्थूजीला मनातून हसू आलं. येडा आहे, एक माणूस खुर्चीवरून उठला की सावड संपली असं समजतो. यशवंतरावांनी त्याच कागदावर खाली सही केली. साक्षीला असतील, असं नत्थूजी समजला.

"राजीनामा अपनी मर्जी से कर रहे हो? किसी का दबाव?"

"दबाव कायचा जी! मीच कईपासून मांगून राहिलो."

तहसीलदार हसला. असा पक्षकार त्यानेही पाहिला नसावा.

नत्थूजीने सौंसरच्या बाजारातून चिवड्याचे पुडे बांधून घेतले आणि थेट विहिरीवर गेला. "सुटलो रे! दिला राजीनामा!" सगळ्यांनी चिवडा खाल्ला. गुणवंताने मोट थांबवून त्याला मिठी मारली आणि म्हणाला, "आता तुह्या हातचं शेन पवित्र झालं." भैय्याजींनी चाचपडत त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नत्थूजीच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची संध्याकाळ होती. मला ती सांगतानाही जिवावर येतं.

तेराव्या दिवशी पटवारी साखळी घेऊन आला. मागे यशवंतरावांची माणसं, बैलगाडीत काटेरी तार. पटवाऱ्याने कागद काढला: बाग आणि विहीर यशवंतरावांची, सावड मंडळीने दावा सोडला. लोक आधी हसले, मग भांडले, मग विनायक मास्तरांना बोलवायला एकजण सौंसरला धावला. विनायक मास्तर तिथल्या शाळेत होते, दोन्ही भाषा शिकवायचे. त्यांनी कागद उभ्याने वाचला आणि खाली बसले.

"राजीनामा कोनी केला?"

"मी," नत्थूजी म्हणाला. "अध्यक्षपदाचा."

"नत्थूजी, हिंदीत राजीनामा म्हंजे तडजोड. दोन्हीकडचे राजी झाल्याचा कागद. आपन पद सोडतो त्याले ते लोक इस्तीफा म्हनतात." मास्तरांनी कागदावरच्या सहीवर बोट ठेवलं. "तुमी पद नाई सोडलं. पदावर बसून बाग सोडली. एकतीस घराइची."

मास्तरांनी पटवाऱ्याला हातापाया पडून अमावास्येपर्यंत थांबवलं. चार दिवस होते. त्या चार दिवसांत नत्थूजी अन्नाला शिवला नाही. जयवंता एकदाही म्हणाली नाही, की मी सांगत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

अमावास्येला विहिरीपाशी सगळे बसले. नत्थूजी उभाच राहिला. "मले काही म्हना," तो म्हणाला. "शिव्या द्या. मारा. गावातून काढा." पण देणार कोण? शिक्षा द्यायला कुणीतरी वर असावं लागतं, आणि ती जागा तर त्यांनी सहा वर्षांपूर्वीच मोडली होती. शेवटी भैय्याजी बोलले, तेही हळू.

"नत्थू, चूक हिंदीची नाई. तडजोड असो का राजीनामा असो. तू एकट्यानं केलं."

एवढंच. नत्थूजी खाली बसला. घरी तवा उतरवणारी जयवंता त्याला आठवली, आणि तो सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

मास्तरांनी वाट सांगितली. जिल्ह्याच्या ठिकाणी, छिंदवाड्याला, अपील करायचं. भाषा न समजता सही झाली म्हणायचं. निकाल लागेपर्यंत ताबा गावाकडेच राहू शकतो. पण हे म्हणायचं कुणी? ज्याने सही केली त्यानेच, अध्यक्ष म्हणून.

"आनि अध्यक्ष बदलला तं?" कुणीतरी विचारलं.

"तं समोरचा वकील म्हनेल, हा मानूस आता कोन? अपील चालेपर्यंत नत्थूजीले राहाच लागेल."

"किती दिवस?" नत्थूजीने विचारलं.

"पाच वर्सं. दहाही लागतील."

काड्या पडू लागल्या. एक, दोन, दहा, तीस. जयवंताने आपल्या घराची काडी नत्थूजीच्या हातात दिली आणि ती मागे सरकली. त्याने काडी हातातच धरली. नियमाप्रमाणे काम थांबलं. आता कुणी त्याला 'ठेव' म्हणायचं नव्हतं, आणि कुणी म्हणालं नाही. समोर सहाशे झाडं होती. त्यातल्या प्रत्येक झाडाच्या आळ्यातला दगड कुणी वेचला होता, हे त्याला पाठ होतं. काडी ठेवली नाही तर ती झाडं जातील. ठेवली तर खुर्ची आली, दहा वर्षांची. त्याने गुणवंताकडे पाहिलं. याच माणसाने आठ दिवस काडी धरली होती. तो काहीतरी म्हणेल, निदान चिडवेल, असं त्याला वाटलं. गुणवंता जमिनीकडे बघत होता.

ऊन कलल्यावर नत्थूजीने काडी ठेवली.

अपील दाखल झालं. नत्थूजी छिंदवाड्याला तीन वेळा गेला, खुर्चीवर बसला, बोलला, सह्या केल्या. आषाढ लागता लागता हुकूम आला: निकालापर्यंत जैसे थे. यशवंतरावांची तार बैलगाडीतून परत गेली. पाऊस ओढ धरून होता, पण विहिरीला पाणी होतं आणि फळ झाडावर टिकलं होतं. गावाने त्याला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. पाण्याच्या वाटेवर बाया पदर सावरून बाजूला होऊ लागल्या. बैठकीत कुणी बोलायला तोंड उघडलं, की आधी एकदा नत्थूजीकडे बघून घेई. काड्या पडायच्या, पण त्याची पडली की मग.

एका सकाळी तो अंगणात दात घासत होता. गुणवंता आला. कुंपणावरून ओरडला नाही. फाटकातून आला आणि अंगणाबाहेर चपला काढल्या.

"अध्यक्षसायेब, आज मोट कोनाकडं?"

नत्थूजी खुशीत आला. बऱ्याच दिवसांनी चिडवतोय गडी, म्हणून शेणाचा गोळा शोधायला तो गोठ्याकडे वळला. पण गुणवंता हसत नव्हता. तो हात पुढे बांधून, मान खाली घालून उत्तराची वाट बघत उभा होता.

तो मंगळवार होता. मंगळवारची मोट सहा वर्षांपासून गुणवंताकडे होती. ती कुणी त्याला दिली नव्हती आणि त्याने कधी कुणाला विचारलं नव्हतं. "तुले माईत नाई का लेका?" असं म्हणायला नत्थूजीने तोंड उघडलं. पण पुढे तो माणूस तसाच उभा होता, फळ झाडावर होतं, ऊन चढत होतं, आणि कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं.

"आज तूच हाक," नत्थूजी म्हणाला.

"हो जी," गुणवंता म्हणाला. त्याने वाकून चपला उचलल्या, आणि फाटकाबाहेर जाईपर्यंत त्या हातातच धरल्या.